सोनाबाईच्या रानातली इर्जिक

मंडळी, आयाबहिणींनो, तांड्याचे नाईक, नांदेडहून आलेले पावणे, सगळ्यांना माझा रामराम.

एवढ्या उन्हाचं एवढे लोक आलात. बरं वाटलं म्हणू का वाईट, मला कळंना. असं उभं राहून बोलायची मला सवय न्हाई. धुऱ्यावर उभं राहून भांडायची हाय, ती तुमाला ठाऊक हाय. सोनाबाईला जाऊन आज तेरा दिवस झाले. तेरा दिवस मी हे बोलणं मनात घोकून राहिलो अन् दर वेळेला एकाच जाग्यावर माझी जीभ अडली. आज तिथं अडली तर कोणी पाणी घेऊन पळत येऊ नका. अडू द्या.

पावण्यांना मी कोण ते ठाऊक नसंल. माझं नाव दत्तराव. सोनाबाईच्या शेताला माझं शेत लागून हाय. दोघांच्या मधी एक धुरा. धुरा म्हणजे बांध, दोन शेतांच्या मधली नांगर न लागणारी पट्टी. आमच्याकडं नवरा-बायको एकमेकाला ओळखत नसतील एवढं धुऱ्याचे दोन शेजारी एकमेकाला ओळखतात. मी तिला मावशी म्हणायचो. ती मला नुसतं दत्ता म्हणायची, अन् लई राग आला तर माझ्या बापाचं नाव घ्यायची.

गुरुजींनी मला हा कागद लिहून दिला. ‘निसर्गकन्या’ लिहिलंय. ‘पर्यावरणाची निस्सीम सेविका’ लिहिलंय. ‘मधमाश्यांची माउली’ पण लिहिलंय. गुरुजी, राग मानू नका. कागद चांगला हाय. फक्त तो दुसऱ्या कोण्या बाईचा हाय. आमची सोनाबाई माउली नव्हती. तिची जीभ विळ्यासारखी व्हती, अन् ज्याला ती लागली न्हाई असा माणूस ह्या मांडवात एक बी नसंल. हा कागद मी घडी करून खिशात ठेवतो.

माझ्या आधी सरपंच बोलले. सरपंच म्हणले, “सोनाबाई दवाखान्यात असताना सगळ्या गावानं तिच्या शेतात इर्जिक केली. एवढी माया कोण्या गावानं कोणावर केली नसंल.” तुमी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत न्हाईत, पण तुमी वाजवल्या. मी बी वाजवल्या, सवयीनं.

पावण्यांनो, इर्जिक म्हणजे अडल्यानडल्याच्या शेतात सगळ्यांनी आपापलं औत, ट्रॅक्टर घेऊन जायचं. मजुरी घ्यायची न्हाई. मालकानं फक्त काम करणाऱ्यांना जेवू घालायचं. आमच्या बापजाद्यांची रीत हाय ती, अन् चांगली रीत हाय. त्याच इर्जिकीबद्दल मला बोलायचंय.

त्याच्या आधी एक सांगतो. सोनाबाईची एकुलती लेक रुक्मी, ती तिकडं बायकांत बसली हाय. रुक्मीनं आज सकाळी मला घरी बोलावून घेतलं. चहा दिला. म्हणली, “काका, तुमी पुढं होऊन आईच्या शेतात इर्जिक केली. आईला तुमच्याशिवाय धुऱ्याला दुसरं कोण व्हतं? मी सासरी, मला काही हे शेत जमत न्हाई. तुमीच ठोक्यानं करा, वर्षाचे ठरतील ते पैसे मला द्या. दुसऱ्या कोणाला मी देणार न्हाई.” माझ्या बापानं ह्या शेतावर डोळा ठेवला अन् तसाच मेला. मी पण ठेवला. अन् आज सकाळी ते शेत चहाच्या कपासंगं माझ्या हातात आलं. मी “बरं” म्हणलो. बरं म्हणून आलो अन् ह्या मांडवात पुढच्या खुर्चीवर बसलो.

रुक्मी, आता ऐक. मंग काय ठरवायचं ते ठरव.

तुझी आई जवान व्हती तवा बियाण्याच्या प्लॉटवर कामाला जायची. क्रॉसिंगला. इथल्या निम्म्या बायका गेल्यात, त्यांना सांगायला नको. ह्या झाडाचं फूल तोडायचं अन् त्या झाडाच्या फुलावर हलकं घासायचं. सकाळपासून तेच. पुढचं झाड, पुढचं फूल. बोटं पिवळी व्हायची तिची, भाकर खाताना भाकर पिवळी व्हायची. तिनं मला एकदा धुऱ्यावर बसून सांगितलं, “दत्ता, दिवसभर मी माशी व्हते रे. माशीचं काम बाई करून राहिली, मंग माशी कुठं गेली, हे काहून कोणी इचारीना?”

मी म्हणलो, “मावशी, माशी गेली तर तुला काम मिळालं. तुझं काय बिघडलं?”

ती म्हणली, “तुझी बायको मेल्यावर तुझ्या घरचा सैपाक मी करीन, तवा सांगते काय बिघडलं.”

अशी बोलायची. निसर्गकन्या.

मंग तिनं तीन एकरातलं अर्धा एकर सोडलं. हेच, जिथं आपण आता बसलो हावोत. नांगरायचं न्हाई, फवारायचं न्हाई, खुरपायचं न्हाई. तरवड आला, कुरडू आला, रानतुळस आली, बोरी आल्या. काही तिनं आणून लावलं. धुऱ्यावर एक करंजाचं झाड व्हतं ते तोडू दिलं न्हाई. अन् धुऱ्याची तिच्या अंगाची, म्हणजे तिच्या बाजूची कड तर ती कोणाला शिवू बी देत नव्हती. आपण सगळे त्याला ‘सोनीचं पडीक’ म्हणायचो. आठवतं ना? ती म्हणायची, “पडीक तुमची अक्कल. हे माशीचं रान हाय.” तांड्याची बाई आपल्याला शेती शिकवती म्हणून आपण पारावर बसून हसलो. कोण कोण हसलं त्याची नावं मी घेत न्हाई. पहिलं माझं घ्यावं लागंल.

एकदा तिनं मला हाताला धरून धुऱ्याशी खाली बसवलं. कडक मातीत काडीएवढी भोकं व्हती. म्हणली, “सगळ्या माश्या मोहोळात राहत न्हाईत रे. ह्या एकट्या राहत्यात. एवढ्याशा भोकात अंडं घालती, पिवळ्या धुळीची भाकर करून त्याच्याजवळ ठेवती अन् वरून तोंड लिपून टाकती. पुढच्या फुलाच्या दिवसाला लेकरू भाकर खाऊन बाहेर येतं. तवर निजू द्यायचं. नांगर घालायचा न्हाई.” तिनं हे मला बराबर समजावून सांगितलं व्हतं, मंडळी. मला ठाऊक नव्हतं असं मला म्हणता येत न्हाई.

त्या आधी एका फाल्गुनात मी धुरा पेटवला व्हता. आपण सगळेच पेटवतो. वारं फिरलं अन् जाळ तिच्या रानात गेला. निम्मं रान गेलं. मी दुपारी घरी जेवायला बसलो व्हतो. सोनाबाई सरळ आत आली, हातात सूप. सुपात जळालेले सरडे, एक भाजलेलं तितराचं पिलू अन् बोरीवरचं बारक्या माश्यांचं मोहोळ, कोळसा झालेलं. तिनं ते सूप माझ्या ताटाजवळ ठेवलं. म्हणली, “घे. भाजून आणलंय. तोंडी लाव.” माझ्या बायकोनं माझं ताट उचलून आत नेलं. मी उपाशी उठलो. त्याच्यानंतर दर फाल्गुनात, आपले धुरे पेटायचे दिवस आले की ती पाण्याची घागर घेऊन दिवसभर धुऱ्यावर बसायची. आपण म्हणायचो, येडी झाली.

आता मागच्या कार्तिकाची गोष्ट. सोयाबीन निघालं व्हतं. सोनाबाई विहिरीच्या पायऱ्यावर घसरली अन् तिचा खुबा मोडला. आपणच तिला बाजेवर उचलून जीपमधी घातलं. तिला लई तकलीफ व्हती, ओठ चावून चावून रगत आलं व्हतं. जीप निघताना तिनं माझा हात धरला अन् एवढंच म्हणली, “दत्ता, धुऱ्याकडं बघ रे.”

धुऱ्याकडं बघ.

ह्या शब्दाचा अर्थ काय, सांगा बरं? लेकराकडं बघ म्हणलं तर आपण लेकराला सांभाळतो. पण आपल्या गावात दुसरा बी अर्थ हाय. त्याच्याकडं बघतोच म्हणलं की त्याचा काटा काढतो. मी पहिला अर्थ ऐकला. बराबर ऐकला. अन् पारावर येऊन तुमाला सांगितलं, “मावशी म्हणली, धुऱ्याचं काय ते बघा. आपण इर्जिक करू.”

तुमाला सगळ्यांना उमाळा आला. खरा उमाळा आला, मी खोटं बोलणार न्हाई. बिचारी एकटी बाई, दवाखान्यात पडली, तिचा हरभरा कोण पेरंल? सरपंचांनी जेसीबी दिला. कोणी ट्रॅक्टर आणला, कोणी बियाणं आणलं, कोणी पाठीवरचा पंप आणला. माणूस माणसाच्या कामी कसा येतो, ते त्या दिवशी बघावं. दुपारपर्यंत हरभरा पेरून झाला. ते काम चांगलं केलं. तिथंच थांबून घरी गेलो असतो तर आज सरपंचांच्या भाषणाला मी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

पण मी म्हणलो, “आता आलोच हावोत तर हे पडीक बी साफ करून देऊ. म्हातारी परत आली की खूश होईल.”

मी म्हणलो. सरपंच न्हाई, तुमी न्हाई. तुमी फक्त व्हय म्हणलात.

अर्ध्या तासात तरवड गेला. बोरी गेल्या. करंजाचं झाड जेसीबीनं मुळासकट उचललं. मंग धुरा. धुरा खरवडायला सुरुवात केली तसा जेसीबीवाला थांबला. मला म्हणला, “काका, इथून लई माश्या उठून राहिल्या. थांबू का जरा?”

मी काय म्हणलो माहीत हाय? “काच लावून घे अन् चालू दे.”

त्यानं काच लावून घेतली. मागून आपण तणनाशक मारलं, म्हणजे पुन्हा काही उगवायला नको. साफ झालं. फोटो काढले. तुमी सगळ्यांनी ते मोबाईलवर टाकले, आपलं गाव, आपली माया. तालुक्यापर्यंत वाहवा झाली.

अन् सगळे हातपाय धुवायला विहिरीवर गेले, तवा मी एकटा मागं राहिलो. रुक्मी, इथंच माझी जीभ अडत व्हती. धुरा तर राहिलाच नव्हता, सगळं सपाट. हद्द कुठं हाय ते दाखवायला फक्त एक दगड व्हता. मी तो दगड उचलला अन् तुझ्या आईच्या अंगाला सरकवला. ट्रॅक्टर घेतला अन् दोन तास मारले. पावण्यांनो, तास म्हणजे नांगराची ओळ. दोन तास. माणूस आडवा निजला तर त्याचं अंग मावंल एवढीच जागा. तेवढ्यासाठी मी गावाची माया भाड्यानं आणली व्हती.

हां, कुजबुज करा. मी थांबतो.

झालं? पुढं ऐका.

मार्गशीर्षात सोनाबाई परत आली. जीपमधून उतरली, हातात ते चार पायाचं लोखंडी वॉकर. आपण सगळे तिला शेत दाखवायला घेऊन आलो. लहान लेकराला खेळणं दाखवावं तसे आपण तिच्या तोंडाकडं बघत व्हतो, कवा हसती म्हणून. ती हसली न्हाई. खाली वाकता येत नव्हतं, म्हणून वॉकरचा पाय मातीत खुपसून बघितला. मऊ माती. खुपसला की आत जायचा.

सरपंचांनी इचारलं, “काय मावशी, कसं वाटलं?”

ती म्हणली, “कोणी केलं?”

आपण म्हणलो, “सगळ्या गावानं!”

ती म्हणली, “मंग सगळ्या गावाला जेवू घालावं लागंल. इर्जिक हाय.”

आपण वा वा म्हणलो. तिचं तोंड वाचलं असंल असा एक बी माणूस त्या गर्दीत नव्हता. मी वाचलं, अन् खाली बघितलं.

चार दिवसांनी तिनं जेवण केलं. रुक्मी, तू मदतीला आली व्हतीस, तुला आठवत असंल. मोडक्या खुब्यानं ती चुलीजवळ स्टुलावर बसली अन् पुरणाच्या पोळ्या लाटल्या. ज्यांनी तिच्या माश्यांची लेकरं नांगरली त्या एकेकासाठी लाटल्या. माझ्या बापानं तांड्यावरचं पाणी कधी पिलं न्हाई. मी मांडी घालून पंगतीत बसलो. तुमी म्हणत व्हता, मावशी, पुरण काय झकास झालंय. ती म्हणत व्हती, खा, पोट भरून खा, लई दमला असाल.

मंग ती वॉकर टेकत टेकत माझ्यापुढं आली. रुक्मीच्या हातातली परात घेतली. माझ्या ताटात एक पोळी टाकली, मंग आणखी एक टाकली. मी म्हणलो, “मावशी, बस, पोट भरलं.”

ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणली, “दोन तास जास्तीचे केलेस की रे दत्ता. दोन पोळ्या जास्तीच्या खा.”

पंगत हसली. तुमाला वाटलं, दत्तरावानं सगळ्याहून दोन तास जास्त राबून काम केलं. तुमी घड्याळातले तास ऐकले. मी मातीतले ऐकले. तिला पहिल्या दिवशीच कळलं व्हतं. वॉकरनं मोजलं असंल, का डोळ्यानं, देवाला ठाऊक. ती माझ्यापुढून हलली न्हाई. मी दुसरी पोळी संपवंस्तोवर उभी राहिली. मी संपवली. तूप मागितलं न्हाई, तरी तिनं वाढलं.

तिनं पंचायतीत तक्रार केली असती, तलाठ्याला बोलावलं असतं, तर मी भांडलो असतो. खोटे साक्षीदार आणले असते. मला ते जमतं. जेवू घालणाऱ्या बाईशी कसं भांडायचं, ते मला कोणी शिकवलं न्हाई.

पौषात मी टरबूज लावलं. दरसाली लावतो. दरसाली माझं टरबूज पहिल्या नंबरचं, गोल, भरलेलं, अन् मी छाती काढून सांगायचो की माझ्या खताची कमाल हाय. माघात वेलाला फुलं आली. चिक्कार आली. अन् पिवळी पडून गळायला लागली. जी चारदोन फळं धरली ती एका अंगानं वाकडी, चिंचोळी. मी खत टाकलं. मी औषध मारलं. सकाळी वावरात जाऊन उभा राहिलो तर काहीच आवाज न्हाई. तवा मला कळलं, टरबूज माझं व्हतं, पण फळ तिच्या माश्या धरत व्हत्या. एवढ्या वर्षांत मी एकदा बी त्यांच्याकडं बघितलं नव्हतं.

मी बायका लावल्या, फुलाला फूल घासायला. पोरींना ते जमंना, फुलं चुरगाळून टाकायच्या. हे काम ज्या बाईला येत व्हतं ती एकच. मी गेलो. लाज सोडून गेलो. अन् ती आली, मंडळी. माझ्या वावरात स्टूल टाकून बसली, पोरींना हाताला धरून शिकवलं. म्हणली, “हे असं. दाबू नको. माशी काही दाबत न्हाई.” तिची बोटं पुन्हा पिवळी झाली. म्हातारपणी, मोडक्या खुब्यानं, मी तिला परत माशी केलं.

मी तिच्या शेजारी बसलो अन् इचारलं, “मावशी, परत येतील का?”

ती माझ्याकडं न बघता म्हणली, “मोठी माशी मेली तर लेकरू येतं. तू तर लेकरं नांगरली. आता कुठून यील?”

मंग तीच म्हणली, “मी रानात परत बियाणं टाकून राहिले. माझ्या जिंदगीत काही व्हायचं न्हाई. तुझ्या जिंदगीत व्हईल. तवर एक कर. तुझ्या अंगाचा धुरा पेटवू नको, फवारू नको.”

मी म्हणलो, “बघू.”

एवढं सगळं झाल्यावर मी बघू म्हणलो. व्हय म्हणायला माझं काय जात व्हतं? फाल्गुनात मी धुरा पेटवला न्हाई, हे खरं हाय. पेटवायला त्याच्यावर काही उरलंच नव्हतं.

तेरा दिवसांमागं ती हट्टा गावाच्या रस्त्याला कॅनॉलवर गेली. तिथं कॅनॉलच्या काठानं तरवड अजून उभा हाय, सरकारी जागा हाय म्हणून वाचला. शेंगा वाळल्या व्हत्या, त्या गोळा करायला गेली. काठी टेकत, एवढ्या उन्हात. बाभळीखाली बसली ती बसलीच. मोटरसायकलवरून जाणाऱ्या एका माणसाला दिसली. आपण तिला आणलं. बायका अंघोळ घालायला लागल्या, तवा तिच्या ओढणीला एक गाठोडं बांधलेलं निघालं. एका बाईनं ते बाहेर आणून मला इचारलं, “ह्याचं काय करू?” मी सोडून बघितलं. वाळक्या शेंगा, काळं बी, भुसा. मी म्हणलो, “कचरा हाय. झटकून टाक.”

तिनं उकिरड्यावर झटकलं. कोंबड्या धावल्या. मी तिरडीचे बांबू बांधायला लागलो. दुसऱ्या दिवशी राख सावडून घरी येताना उकिरड्यावर तरवडाच्या शेंगांची टरफलं दिसली, तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. चार दाणे तरी सापडतील म्हणून मी उकिरडा उकरला. बायको म्हणली, काय हरवलं? मी म्हणलो, काही न्हाई.

असा माणूस हावो मी. तुमी वाईट न्हाईत. तुमाला ठाऊक नव्हतं. पण इचारलं बी न्हाई. ज्या बाईचं शेत, त्या बाईला फोन लावून “मावशी, हे काढू का?” एवढं इचारायला एका बी माणसाला सुचलं न्हाई. दवाखान्यात तिच्या उशाला फोन व्हता. आपल्याला उपकार करायची घाई झाली व्हती. अन् आज बी बघा. तिच्या फोटोला प्लॅस्टिकच्या फुलांचा हार घातलाय. फ्लेक्सवर तिच्या अंगाभोवती माश्या छापल्यात. सावलीला म्हणून हा मांडव घातलाय, अन् तो बराबर त्याच जाग्यावर, जिथं करंजाची सावली व्हती. सोनाबाई असती तर तिनं काय म्हणलं असतं, ते मला ठाऊक हाय. आयाबहिणी बसल्यात म्हणून सांगत न्हाई.

रुक्मी. सकाळी मी तुला बरं म्हणलो. तो शब्द मी सगळ्यांसमोर परत घेतो. हे शेत मला देऊ नको. ज्याला द्यायचं त्याला दे, पण देताना त्याला माझ्याकडं बोट दाखवून सांग की हा धुऱ्याचा शेजारी हाय, ह्याच्यावर नजर ठेव. तो दगड मी आज, ह्या गर्दीसमोर, हातानं उचलून जिथला तिथं ठेवणार हावो. सरपंच, तुमी सोबत चला अन् बघा. ह्या वेळेला बघा म्हणजे नुसतं बघाच. अन् माझ्या अंगाची धुऱ्याची कड पेटणार न्हाई, फवारली जाणार न्हाई. हे मी तिला सांगायला पायजे व्हतं. ती ऐकायला व्हती तवा मी बघू म्हणलो. आता तिच्या फोटोला सांगून राहिलो, त्याची किंमत काय ती तुमीच ठरवा.

ह्याच्यानंतर जेवण हाय. रुक्मीनं पोळ्या केल्यात, वास इथपर्यंत येऊन राहिला. तुमी जेवा. माझं ताट मांडू नको, रुक्मी. माझ्या वाटच्या पोळ्या तुझ्या आईनं आधीच वाढल्या.

आता रीतीप्रमाणं दोन मिनिटं शांत उभं राहायचं. पण त्याच्या आधी एक आठवण करून देतो. ह्या दिवसांत करंजाला फुलं यायची. ह्याच जाग्यावर एवढ्या माश्या घोंगावायच्या की सोनाबाई अन् मी भांडायला उभं राहिलो तर एकमेकाच्या शिव्या ऐकू यायच्या न्हाईत. आमी दोघं धुरा सोडून पार विहिरीपर्यंत जायचो अन् मंग भांडायचो. आज हा माइक नसता तरी माझं बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत गेलं असतं.

तवा ही शांतता तिच्यासाठी पाळायची म्हणून पाळू नका. ती आपलीच हाय. सगळ्या गावानं मिळून, मजुरी न घेता, एका दिवसात केलेली हाय. सोनाबाई, मावशी, तुला रामराम.

उठा मंडळी. उभे राहा. अन् कान देऊन ऐका, आपण किती साफ केलंय ते.